काठाबाहेरची रेघ

मंगळवार, ११ मार्च. सकाळी दहा वाजून सतरा मिनिटे. रेघा असायच्या दोन, दिसल्या तीन.

दोन होत्या त्या सोडियमच्या. काळ्या, जाड, शेजारीशेजारी. गेली एकेचाळीस वर्षे त्यांच्याशी माझी नजरेची ओळख आहे. तिसरी उजळ होती. पिवळी होती एवढे सांगून भागत नाही, कारण त्या भागात सगळेच पिवळे असते. पण भोवतालचा पिवळा एकाएकी मंदावला, कोणी पडदा ओढावा तसा, आणि त्या अंधुक पट्ट्यात ती एकटी रेघ आतून पेटल्यासारखी उभी राहिली. दोन सेकंद, फार तर तीन. ढग आला असावा असे मनात येऊन गेल्याचे मला आठवते. ढग आल्यावर रेघ उजळत नसते, हेही त्याच क्षणी आठवले. मग मी नेत्रिकेवरून डोळा काढला, चष्मा पुसला, उठलो, आणि जिन्यात तोंड घालून मॅडमना हाक मारली. या चार क्रियांचा क्रम मी त्या दिवसापासून अनेक वेळा लावून पाहिला आहे, आणि दर वेळी त्यांच्यामध्ये कुठेतरी एक मोकळी जागा सापडते. त्या जागेत आणखी एखादी क्रिया सहज बसेल. बसली होती की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

आमचा सौर मनोरा कचेऱ्यांच्या इमारतींना खेटून उभा आहे; रस्त्यावरून जाणाऱ्याला ती पाण्याची टाकी वाटते. माथ्यावर दोन आरसे आहेत. त्यांतला एक मोटरवर हळूहळू फिरतो, म्हणून सूर्य सरकला तरी त्याचा उजेड नळीतून खाली एकाच जागी पडत राहतो. हातभर रुंदीचा तो झोत भिंगातून लिंबाएवढ्या प्रतिमेत गोळा होतो, प्रतिमेचा केसभर तुकडा पितळी पट्टीतल्या फटीतून तळघरात उतरतो, आणि तिथे त्याचे रंग वेगळे होऊन नेत्रिकेत पसरतात. मी पदविका घेऊन या यंत्राच्या जुळणीवर लागलो, यंत्रावरच निवृत्त झालो, आणि निवृत्तीनंतरही आठवड्यातल्या दोन सकाळी फट, भिंग आणि आरसे तपासायला येत राहिलो. मनोऱ्याची एक किल्ली माझ्याकडे असते. मॅडम माझ्या लेकीपेक्षा लहान आहेत आणि मनोऱ्याच्या प्रमुख आहेत. तापलेल्या वायूच्या थरांतून उजेड कसा गाळला जात वर येतो, याचे गणित त्या करतात. नेत्रिकेला डोळा क्वचितच लावतात.

त्या खाली आल्या, वाकून पाहिले, बराच वेळ पाहिले. "काका, दोनच आहेत."

"तीन होत्या."

"तिसरी कुठे होती? सोडियमच्या डाव्या अंगाला की उजव्या?"

मी उत्तर द्यायला हात उचलला आणि तो हवेतच राहिला. उजेड आठवत होता, जागा आठवत नव्हती. मॅडमनी माझ्या हाताकडे पाहिले नाही, हा त्यांचा चांगुलपणा. तळघरात मोटरची नेहमीची घरघर ऐकू येत होती. पट्टीवर सूर्याची प्रतिमा बरोबर मध्यभागी होती. सगळे जागच्या जागी होते, मी सोडून.

दुपारपर्यंत त्यांनी दोन गोष्टी काढल्या. पहिली, सूर्याच्या तबकडीवर त्या वेळी कुठलाही भडका उडालेला नव्हता. दुसऱ्या तीन वेधशाळांकडून तसे कळले. भडका असता तर तबकडीवरही तशी रेघ क्षणभर उजळू शकली असती. दुसरी, गच्चीवरच्या उजेडमापकाप्रमाणे सकाळी दहा ते अकरा एकही ढग सूर्यावरून गेलेला नव्हता. हे त्यांनी सांगितले तेव्हा मी स्क्रू पेटीत भरत होतो. भरत राहिलो. ढग नाही, मग मंदावले काय?

"मोटर चालू होती ना, काका?"

"चालू असणारच."

"हो, असणारच," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, पेटीचे झाकण मला सापडेना तेव्हा ते माझ्या हाताशी सरकवत म्हणाल्या, "डोळे एकदा दाखवून या. तोवर इकडची घाई नाही." किल्ली मागितली नाही. मागितली असती तर मला रागवता तरी आले असते.

घरी येताना मी दोन थांबे आधीच बसमधून उतरलो आणि ते उतरल्यावर लक्षात आले. रस्ता खणण्याचे काम चालले होते. पिवळी जाकिटे घातलेली माणसे खड्ड्यात वाकली होती. एक जाकीट उन्हात आले आणि पेटल्यासारखे उजळले. मी तिथेच उभा राहून, चाळीस वर्षांच्या सवयीने, प्रश्नाची मांडणी करू लागलो. सूर्याच्या काठाबाहेर विरळ, तापलेल्या वायूचे आवरण असते. कधी त्याच्या ज्वाळा वर उठलेल्या असतात. त्या वायूत हेलियम असते, आणि हेलियमची एक पिवळी रेघ असते. तबकडीसमोर ती दिसत नाही, ना काळी ना उजळ. पाठीमागच्या प्रचंड उजेडात तिचा पत्ताच लागत नाही. पाठीमागे तबकडी नसेल, नुसते काळे अवकाश असेल, तर तोच वायू स्वतःच्या उजेडाने चमकतो. म्हणजे मला ती रेघ खरोखर दिसली असेल, तर फट त्या वेळी तबकडीवर नव्हती, काठाबाहेर होती. प्रतिमा तिथे गेली कशी? मोटर बंद असेल तर मिनिटभरात जाते. म्हणजे मोटर मी सुरूच केली नव्हती. मग रेघ दिसल्यावर माझ्या हाताने, मला न विचारता, मोटरचे बटण दाबले असेल, प्रतिमा ओढून मध्यावर आणली असेल. हे हाताने हजारो वेळा केले आहे आणि त्यांतली एकही वेळ मला वेगळी आठवत नाही. आणि मोटर पहिल्यापासून चालू असेल, तर प्रतिमा हललीच नाही, काही मंदावले नाही, रेघ नव्हतीच, मला दिसली. तिसरी वाट नाही. एक तर डोळे गेले, नाही तर डोके.

"काय हो, सूर्याने आज काय केलं, म्हणून तोंड असं?" बायकोने दार उघडताच विचारले. मी सगळे सांगितले. तिने चहा गाळता गाळता ऐकले. चार घोट घेऊन म्हणाली, "म्हणजे मोटर विसरलात."

"असं कुठं म्हटलं मी? डोळ्यांचंही असू शकतं."

"अहो, गॅस बंद केला का बघायला तुम्ही जिन्यावरून तीनदा परत येता. तुम्ही मोटर विसराल?"

"मग तूच तर म्हणालीस!"

"तुम्ही काय म्हणता ते बघायला म्हटलं." ती हसली. मग हसणे थांबवून तिने माझा कप उचलला, आणि मला दिसले की तो मी अजून प्यायलो नव्हतो. की पहिला पिऊन झाला होता आणि हा दुसरा होता? विचारायचा धीर झाला नाही. विसरणे हा एवढा एकच दोष असा आहे की ज्याची मोजणी दोषी माणसाकडून होऊ शकत नाही. मापनाचे उपकरणच संशयित असेल तर ते कशावर ताडून पाहायचे? आम्ही प्रयोगशाळेत दुसरे उपकरण आणत असू. घरात दुसरे उपकरण म्हणजे ती. आणि ती माझ्याकडे पाहून हसते की मला सांभाळून घेते, हे ओळखण्याचे काम पुन्हा पहिल्याच उपकरणाकडे.

मनोऱ्याचा एक नियम आहे. मोटर विसरणाऱ्याने मनोऱ्यात एकट्याने काम करायचे नाही आणि किल्ली जमा करायची. एवढ्या झोताचा उजेड लिंबाएवढ्या प्रतिमेत कोंडलेला असतो. पितळी पट्टीमागे पाणी खेळते म्हणून तिथे तो निमूट बसतो, पण पट्टीवरून घसरला तर लाकूड, रबर, माणसाचे मनगट, जे पुढे येईल ते जाळतो. नियमाचा मसुदा मी केला होता. तो पहिल्यांदा लागू झाला थोरल्यांना, म्हणजे आमच्या त्या वेळच्या मुख्य यंत्रकारांना, ज्यांनी मला पाना धरायला शिकवले. लाकडी चौकट जळून कोळसा झाली होती. थोरले चौकटीवर बोट फिरवून बोटाकडे पाहत म्हणाले होते, "नियम कर रे बाबा. चांगला कडक कर. फक्त मला वाचून दाखवू नकोस, मला पाठ होईल आणि मग मी तोही विसरेन." याच थोरल्यांनी मला पहिल्या महिन्यात तळघराचे दिवे घालवून दाखवले होते की काळी रेघ काळी नसते. त्यांनी सगळा पट्टा काळ्या कागदाने झाकला, फक्त एका रेघेपुरती चीर ठेवली, आणि त्या चिरेतून आलेला उजेड पांढऱ्या पुठ्ठ्यावर स्पष्ट पडला. "बघ. हा उजेडच आहे. वरच्या, जरा थंड थरातून येतो म्हणून कमी. शेजारचे खालून, तापलेल्यातून येतात. त्यांच्या शेजारी उभा केला म्हणून बिचारा काळा." निवृत्तीनंतर ते घरी खिडकीशी बसून फरशीवर सरकणाऱ्या उन्हाच्या कडेवर खडूने खुणा करत, आणि वहिनी रोज त्या पुसून टाकत. भेटायला गेलो की ते मला ओळखत; माझ्या हातातल्या पिशवीलाही ओळखत; एकदा मात्र त्यांनी मला विचारले होते की मोटर कोण बघतंय.

गुरुवारी मी भाच्याकडे गेलो. तो डोळ्यांचा डॉक्टर आहे. "मामा, तुम्ही सूर्याकडे बघून पोट भरलंत, आम्ही तुमच्यासारख्यांच्या डोळ्यांकडे बघून भरतो," असे म्हणत त्याने थेंब घातले आणि मला बाहेर बसवले. बाहुल्या मोठ्या झाल्यावर खोलीतली प्रत्येक वस्तू कडेने वितळू लागली. समोरच्या बाकावरच्या बाईंच्या चष्म्याची काडी चमकत होती, आणि ती काडी आहे की माझ्या डोळ्यातली चीर, हे मी मान हलवून तपासत होतो. मला आतला उजेड आठवला. सूर्याच्या गाभ्यात निघालेला उजेड बाहेर यायला हजारो वर्षे लागतात. कोणी लाखभर सांगतात. अंतराचे एवढे काही नाही, पण तिथला माल फार दाट आहे. एक केसभर जाऊ देत नाही, गिळतो, आणि परत टाकतो तो कुठल्याही दिशेला. आला त्या दिशेला टाकेलच असे नाही. गिळताना एक, टाकताना दुसरा. टाकलेल्याला गिळलेल्याची आठवण नाही. गाभ्यातून निघाला होता जहाल क्ष-किरण, पृष्ठभागावर पोचते ती मवाळ पिवळी झुळूक. तोच उजेड आला म्हणायचे की नाही? मंगळवारची रेघ गुरुवारपर्यंत माझ्याकडे किती वेळा गिळली गेली आणि किती वेळा परत टाकली गेली, याचा हिशेब कोण देणार? मंगळवारी ती एक होती. बुधवारी सकाळी दात घासताना आठवणीत ती मला सोडियमच्या जोडीमध्ये दिसली. त्या संध्याकाळी त्या दोन झाल्या होत्या, दोन उजळ रेघा, काळ्या जोडीच्या जागी बसलेल्या. कुठली मूळची?

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, बऱ्यापैकी," भाचा म्हणाला. "आणि ऐका, तासभर काळ्या रेघेवर डोळा रोखला तर डोळ्यात तिचा उलटा ठसा राहतो. पापणी मिटली, मान हलली, जरा अंधारून आल्यासारखं झालं, की उजळ रेघ दिसते. असं होऊ शकतं."

"होऊ शकतं?"

"सहज. मोतीबिंदू काढू, महिन्याभरात पुन्हा तुमच्या बिळात जा."

मला लाज वाटावी इतका आनंद झाला. मी त्याला रस्त्यावरच्या टपरीवर नेऊन कॉफी पाजली. डोळे सुधारता येतात. डोळ्यांसाठी नियम नाही. रेघ दिसलीच नसेल तर मोटर चालू होती, प्रतिमा जागेवर होती, हात शहाणा होता, किल्ली माझ्या खिशात राहते. आणि कॉफी संपेपर्यंत मला कळले की मी काय मागतो आहे. एकेचाळीस वर्षांत मी त्या नेत्रिकेत पाहिलेली सर्वांत सुंदर गोष्ट खोटी निघावी, असे मी मनापासून मागत होतो. "मामा, थेंबांमुळे पाणी येतं," भाचा म्हणाला. मी होकार दिला.

शुक्रवारी सकाळी नळाखाली हात धरला असता, पाणी गरम आहे म्हणून हात आपोआप मागे आला, आणि मी तिथेच थबकलो. पाणी गरम आहे हे कळायच्या आधी हात आला होता. जांभई आली की तोंडावर हात जातो. तसा, रेघ दिसली की माझा हात मापनचक्रीकडे जातो. नेत्रिकेत एक बारीक तार आहे. चक्री फिरवून ती रेघेवर न्यायची आणि चक्रीवर तरंगलांबीचा आकडा वाचायचा. अनोळखी रेघ तीन सेकंद दिसली, आणि माझा हात स्वस्थ बसला? शक्य नाही. आणि डोळ्यातला ठसा असेल, तर त्याच्यावर तार नेताच येत नाही. डोळा हलला की ठसाही हलतो, तार मागे आणि तो पुढे. हात दोनदा चुकून सोडून देतो. मंगळवारी सुरुवातीला तार सोडियमच्या उजव्या रेघेवर लावल्याचे आठवत होते, तो आकडा ५८९५.९. तार तिथेच, किंवा तिच्या आसपास कुठेतरी भरकटलेली असेल, तर रेघ माझ्या डोळ्यातली. हेलियमच्या रेघेचा आकडा ५८७५.६. तार नेमकी तिथे असेल, तर रेघ सूर्याची, काठाबाहेरची. आणि मोटर मी विसरलो.

मी मॅडमना फोन केला. "मंगळवारनंतर चक्रीला कोणी हात लावला?"

"कोणीच नाही. आभाळ बुधवारपासून भरलेलंच आहे. झाकण मी मंगळवारीच घातलं. का हो?"

"तुम्ही पाहिलंत तेव्हा तार कुठे होती?"

"तार?" त्या थांबल्या. "काका, मी रेघ शोधत होते. तारेकडे कोण बघतंय?"

बायको म्हणाली, मी येते बरोबर. मी म्हटले, नको. ती म्हणाली, "एवढं वाचलंच पाहिजे का? भाच्याने सांगितलंय ना डोळ्यांचं म्हणून? तेच धरून चाला की." मी चपला घालत होतो. "अहो, मी डोळ्यांच्या बाजूने आहे," ती म्हणाली, "डोळ्यांना मी घेऊन जाऊ शकते, हाताला धरून. दुसऱ्याला कुठं घेऊन जाऊ?" मी तिच्याकडे पाहिले. ती हसत नव्हती. दुसरे उपकरणही हलत होते.

मॅडम यायला वेळ होता. मी माझ्या किल्लीने दार उघडले आणि तळघरात उतरलो. वर झोत नव्हता, मोटर बंद होती, नळीत फक्त ढगाळ दिवसाचा राखाडी उजेड मुरत होता. दिवा लावला. झाकणाखाली चक्री होती, मीच कोरलेले आकडे तिच्या कडेला. चष्मा न लावता ते मला वाचता येत नाहीत आणि चष्मा मी लावला नाही. हात चक्रीवर ठेवला. पितळ गार होते. इथून पाव वळसा पुढे की मागे, एवढेच; कोणाला कळणार नव्हते, आणि आठवड्याभरात मलाही आठवले नसते. या शेवटच्या विचाराची मला इतकी भीती वाटली की मी हात काढून दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळेत उभे करतात तसा, भिंतीला लागून उभा राहिलो. हात लावला तेव्हा चक्री हलली नव्हती ना? नव्हती. मी पितळाचा गारवा आठवून पाहिला. गारवा होता, वळण नव्हते. तेवढे अजून आठवत होते.

जिन्यात पावले वाजली. मॅडमच्या खांद्यावर अजून पिशवी होती. त्यांनी मला भिंतीशी पाहिले, चक्रीकडे पाहिले, आणि सगळे त्यांना समजल्यासारखे वाटले. कदाचित मलाच तसे वाटले.

"काका, मी वाचते. पण आधी एक सांगा. मी कुठला आकडा वाचावा असं तुम्हाला वाटतं?"

"मंगळवारपासून तेच समजत नाहीये," मी म्हणालो. "ती रेघ खरीच होती असंही वाटतं. आणि उद्या पुन्हा इथे यावंसंही वाटतं."

त्या पिशवी खाली ठेवून वाकल्या. फोनचा उजेड चक्रीवर धरला. एकदा वाचले, बोटाने कडा पुसून पुन्हा वाचले. मग सरळ झाल्या, आणि माझ्याकडे न पाहता, आवाजात काही न येऊ देता, जसा कुठलाही आकडा सांगावा तसा त्यांनी सांगितला.

५८७५.६.